सादळलेल्या भाकऱ्या

"रफीक, पीठ तापवलंस! हात घालून बघ. दगड लई आवळतुयास तू. विरी जाती अशानं, पीठ चिकाट ऱ्हात न्हाय, थापताना भाकरी तडकती."

शिवबाई माझ्या गिरणीत पहिल्यांदा भांडली, ती यंदाच्या चैत्रात. मी पट्टा बंद करून तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ही बाई इतकी वर्षं डबा ठेवायची, डबा उचलायची. जाडं का बारीक, कधी विचारलं नाही.

गिरणीवाल्याला गावाचा हिशेब दळणात दिसतो. कुणाकडं पाहुणे, कुणाची लेक बाळंतपणाला आली, सगळं. शिवबाईचं घरचं दळण नवरा गेल्यावर निम्मं झालं, मुलगा मल्लेश पुण्याला गेल्यावर पसाभर उरलं. बाकी डबा विकायच्या कडक भाकऱ्यांचा. पातळ थापायच्या, भाजायच्या, चुलीतल्या आराजवळ शेकायच्या आणि दारात फडक्यावर वाळवायच्या. सोलापूरचा दुकानदार येऊन न्यायचा.

"अक्का, बरं चाललंय की," म्हटलं तर म्हणायची, "घाण्याचा बैल काय खुशीनं फिरतुया व्हय?" आणि उन्हाला शिव्या. आमच्याकडं उन्हाला शिव्या सगळेच देतात, पण इतक्या मन लावून हीच.

होळी झाली आणि मल्लेश नवी गाडी घेऊन आला. "अव्वा, चल, समुद्र दावतो." बायको शिवलीला, लेक संस्कृती, सगळी कोकणात निघाली. बेत असा, की तिथनं म्हातारीला परस्पर पुण्याला न्यायचं आणि चूल कायमची बंद. तिचीही ना नव्हती. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुजा एक डबा कमी झाला बघ, रफीक."

"धरलाय हिशेबात," मी म्हणालो. हसलोही. गाडी वळणाआड गेली तेव्हा गिरणी उगाचच लवकर बंद केली.

आणि आठवड्यात बाई परत. वर भांडती. डबा बाजूला सारून मी विचारलं, "अक्का, झालं काय?"

ती पोत्यावर टेकली.

"शिदोरीला भाकऱ्या न्हेल्या हुत्या. म्हैना म्हैना टिकत्यात, म्हनलं काय हुतंय. समुद्राकाठी गाठोडं सोडलं, तर भाकरी मोडंना! चामड्यागत वाकती. संस्कृती म्हनली, आज्जी, ही तर चपाती झाली. समदी हसली. मी बी हसले."

"मग?"

"तितली हाटेलवाली म्हनली, हवा ओली, हितं पापड बी सादळत्यात. मग मी तितंच वाळूत बसले. येवढं पानी, पर येक भाकरी कडक करायची धमक न्हाय त्याच्यात! मला वाटायचं, चुलीम्होरं मी येकलीच राबती. येकली कुटं? ऊन हुतं की जोडीला. आन् त्येलाच जलमभर शिव्या."

"मल्लेश काय म्हणाला?"

"त्येला इचारलं, तुज्या घरात ऊन कुटनं येतं? म्हनला, सकाळच्याला खिडकीत येतं वाईच. म्हनलं, मग मला गावाकडं सोड."

सोडलं त्यानं. पण उंबऱ्याला पाय न लावता गाडी वळवली. हे तिनं सांगितलं नाही. मी समोरनं बघत होतो.

मी दगड सैल केला, नवी ज्वारी सावकाश दळली आणि पैसे न मागता डबा तिच्या घरी पोचवला. असला तोटा वहीत लिहिण्यात आम्ही गिरणीवाले पटाईत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर दारात भाकऱ्याच भाकऱ्या. बाई एकेकीवर बोटानं टिचकी मारून कान लावत होती, जत्रेत मडकं घेताना लावतात तसा. तोंडावर पोरीसारखं हसू. मोठीशी एक निवडून तिनं पुण्याला फोन लावला.

"मल्लेशा, आईक." फोनपाशी भाकरी मोडली. कट्टकन आवाज झाला. "आईकलं का रं?"

"अव्वा, कामात हाय. मागनं करतो."

फोन बंद झाला. तिनं अर्धी भाकरी मला दिली, अर्धी हातात धरून बसली. तेवढ्यात वळवाचा एक ढग सरकत आला, अंगणावर सावली पडली, फडक्यावरच्या भाकऱ्या काळवंडल्या.

शिवबाईनं मान वर केली, ढगाआडच्या उन्हाकडं बघितलं.

"आता तू बी चाललंस व्हय?"