प्रात्यक्षिकाची वही

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये आयटीआयला कुलूप लागलं, तेव्हा हर्षा हळर्णकरच्या वर्गातल्या वीस मुलांना तारांचे साधे जोड आणि एका बल्बची वायरिंग, एवढंच येत होतं. पेडणे तालुक्यात एका ट्रस्टनं चालवलेली ती लहानशी संस्था. हर्षा तिथं नऊ वर्षं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवत होती.

पहिले पंधरा दिवस सुट्टी म्हणून गेले. मग प्राचार्य शिवदास सरांचा फोन आला, की आता सगळं मोबाइलवरून शिकवायचं. हर्षाचा नवरा मुरगाव बंदरात क्रेनवर होता आणि तिकडेच अडकला होता. घरात ती एकटी. तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मोबाइल टेकवला आणि दोन तारा हातात धरून बोलायला सुरुवात केली. नंतर व्हिडिओ स्वतःच पाहिला तेव्हा तिला हसूच आलं. पक्कड किती जोरानं दाबायची हे व्हिडिओत दिसत नव्हतं. आजवर ते तिनं मुलांच्या मुठीवर मूठ ठेवून शिकवलं होतं.

म्हणून तिनं बोर्ड बनवायला घेतले. माळ्यावरच्या जुन्या कपाटाच्या फळ्या, मोडक्या पलंगाची पाठ, शेजाऱ्याच्या दाराची झडप, मिळेल ते लाकूड कापलं. प्रत्येकावर दोन स्विच, एक होल्डर, एक सॉकेट आणि तारांचं एक भेंडोळं. हिंडण्याफिरण्याची थोडी मोकळीक मिळाली तसे स्कूटरच्या पायापाशी तीन-तीन बोर्ड ठेवून ती गावोगाव निघाली. तोरसे, चांदेल, हळर्ण, पार्से, कोरगाव. कुठं पोलिसांनी अडवलं, कुठं गावकऱ्यांनीच वाटेवर बांबू आडवे टाकले होते. फाटकाबाहेर बोर्ड ठेवायचा, मुलाला हाक मारायची, चार हातांवरून समजावून सांगायचं आणि पुढं निघायचं. महिन्याभरात वीसच्या वीस बोर्ड पोचले. मुलांनी आठवड्याला एक वायरिंग करून फोटो पाठवायचा आणि तिनं तो तपासून ज्याच्या त्याच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत तारीख टाकायची, असं ठरलं.

पार्श्याला दोन मुलं होती, साईश आणि निखिल. साईशच्या बोर्डाला कपाटाचा जुना निळा रंग होता. निखिलचा बोर्ड पलंगाच्या पाठीचा, तपकिरी. निखिल हुशार नव्हता, पण हाताला वळण होतं. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि तिनं काही विचारलं की आधी उभा राहायचा, उत्तर नंतर शोधायचा.

ऑगस्टपासून निखिलच्या फोटोंतला बोर्ड निळा दिसू लागला.

हर्षानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, दोघं एकत्र बसून करत असतील. दुसऱ्या आठवड्यात तोच निळा बोर्ड, त्याच तारा, फक्त फोटो जरा तिरका. तिसऱ्या आठवड्यात तिला राग आला. सोमवारी सकाळी ती पार्श्याला निघाली, मुलाला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून.

गावात शिरायच्या आधीच तो तिला रस्त्यावर भेटला. सायकलच्या मागं पावाची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, हँडलला भोंगा. गावातला पोदेर, घरोघर पाव घालणारा, मुलखाला निघून गेला होता आणि बेकरीवाल्याला माणूस हवा होता. निखिलच्या वडलांची पर्यटकांची टॅक्सी मार्चपासून दारात उभी होती. पोरगा पहाटे पाव घालायचा, दुपारी कोणाच्या तरी बागायतीत काम करायचा आणि संध्याकाळी परत पाव.

तिला पाहून त्यानं ब्रेक दाबला. त्याच्या एका कानात इअरफोन होता. त्यातून येणारा बारीक आवाज तिचाच होता. दोन-वे स्विचचा पाठ.

"ऐकतंय हां टीचर," तो घाईघाईनं म्हणाला. "सगळे व्हिडिओ ऐकतंय. एक पण चुकवूक नाय."

"ऐकून वायरिंग येता रे?"

टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला करत तो म्हणाला, "पाव होये, टीचर? गरम आसत."

फोटोंबद्दल विचारायला तिनं तोंड उघडलं होतं. पण त्याचे पाय पाहिले. चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो त्यानं वायरनं बांधला होता. व्यवस्थित, तीन वेढे देऊन, टोक आत वळवून. तिनं चार पाव घेतले आणि स्कूटर वळवली. घरी येऊन निखिलची वही उघडली आणि मागच्या तीनही आठवड्यांच्या तारखा टाकल्या. आयटीआय उघडलं की आपण त्याच्याकडून सगळं करून घेऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते तिनं खरंच ठरवलं होतं.

पण उघडलं ते असं, की पुढच्या वर्षी जानेवारीपासून मुलं जेमतेम दहा आठवडे वर्कशॉपमध्ये आली, तीही अर्धी अर्धी, एक दिवसाआड. एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. त्या वेळी तर बोर्डाचं नावही कोणी काढलं नाही. गावागावांतून माणसं जात होती. हर्षाचा सासरा गेला. चांदेलच्या एका मुलाची आई आणि काका एकाच आठवड्यात गेले. मोबाइलवर पाठ घ्यायला बसलं की समोर सहा-सात नावं दिसायची, चेहरा एकाचाही नाही.

परीक्षेच्या आधी शिवदास सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांना सगळं नीट मार्गी लागायला हवं होतं.

"बाई, ट्रस्टच्या ऑफिसातून निरोप आलाय. प्रात्यक्षिकाच्या वह्या पूर्ण करून द्यायच्या."

"पूर्ण म्हणजे? दुसऱ्या वर्षाचं निम्म्याहून अधिक झालेलंच नाही सर. पॅनेल नाही, मोटर नाही. सेफ्टीचे धडे तोंडी झालेत."

"घरी केलेलं प्रात्यक्षिक धरा."

"घरी काय केलंय त्यांनी?"

सरांनी चष्मा काढला. "तुम्हीच सांगा मग. वीस पोरांची दोन वर्षं फुकट घालवायची? कित्येकांच्या घरात कमावणारं कोणी नाही. ती कामाला लागतील, काम करताना शिकतील. आपण तरी कुठं सगळं आयटीआयत शिकलो?"

ते शेवटचं वाक्य तिला पटलं, निदान त्या दिवशी पटलं. वीस वह्यांवर सह्या करायला तिला पाऊण तास लागला. निखिलच्या वहीशी ती जरा थांबली होती, एवढं तिला पुढं कायम आठवत राहिलं. पण थांबली म्हणजे काय, पेन झटकलं आणि सही केली.

परीक्षा एका दुपारी उरकली. वीसही मुलं पास झाली. पेढे वाटले, फोटो निघाले. निखिल तिच्या पाया पडला.

वर्षभरानं, गणपती होऊन गेल्यावर, साईशचा फोन आला. तो नीट बोलू शकत नव्हता. निखिल मांद्र्याला समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये मेन्टेनन्सला लागला होता. सकाळी पॅनेलमधला ब्रेकर बदलायचा होता. त्यानं मेन स्विच बंद केला, पाटी लावली आणि आत हात घातला. जनरेटरची लाइन मागच्या बाजूनं आत आली होती आणि जनरेटर चालू होता, म्हणून मेन बंद असूनही पॅनेलमध्ये वीज होती.

हर्षाला वर्कशॉप आठवलं. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ती एक धडा द्यायची. "मेन बंद केलाय रे, कर सुरू," असं सांगायची आणि लाइन चालूच ठेवायची. अगदी कमी व्होल्टेजची, बझर जोडलेली. टेस्टर न लावता जो हात घालील त्याचा बझर वर्कशॉपभर वाजायचा, सगळा वर्ग हसायचा आणि तो मुलगा कानापर्यंत लाल व्हायचा. त्यानंतर जन्मात तो कोणाच्या शब्दावर तारेला हात लावत नसे. निखिलच्या तुकडीला तो धडा मिळालाच नव्हता. वहीत मात्र त्या धड्यापुढं तारीख होती आणि तिची सही होती.

बांबोळीच्या इस्पितळात चौथ्या दिवशी तिला आत सोडलं. निखिलचा उजवा हात मनगटाच्या वर कापला होता. बाहेर बाकावर त्याची आई, चंद्रावती, बसली होती. तिनं हर्षाचा हात धरला आणि स्वतःच तिची समजूत काढायला लागली.

"टीचर, तुमी रडा नकात. तुमी तेका किती शिकयल्यात. सर्टिफिकेट फ्रेम करून लायलेला आसा आमी भिंतीक. माझ्या झिलाचाच लक्ष नाय रवला."

हर्षाला तिथं क्षणभरही बसवेना. ती आत गेली. निखिल जागा होता. तोंड उतरलेलं, पण तिला पाहून उठायची धडपड केलीच.

"पड, पड."

मग छताकडे बघत तो म्हणाला, "टीचर, तुमका एक सांगूचा आसा. माझीच चूक. लॉकडाऊनात मी जे फोटो धाडी होतंय ना, ते साईशाच्या बोर्डाचे. मी एक पण वायरिंग करूक नाय. तुमका फसयलंय. तेचीच ही शिक्षा."

हर्षाला गप्प राहता आलं असतं. पोरगा तिला मोकळं करत होता. आईही करत होती. ती खुर्चीच्या कडेला बसली.

"माका माहीत होता, निखिल."

त्यानं मान वळवली.

"बोर्ड निळो होतो. पयल्याच दिवशी दिसला माका. पाव घातलेस तेव्हा मी तेच विचारूक आयल्लंय."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजल्यासारखं.

"मगे बोलूक नाय कित्याक?"

तुझी दया आली, हे शब्द तिच्या ओठांवर आले. पण पांढऱ्या बँडेजकडे बघत ते उच्चारणं तिला जमलं नाही. ती उत्तर शोधत असतानाच त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्सनं वेळ संपल्याचं सांगेपर्यंत तो तसाच होता.

दोन दिवसांनी ती शिवदास सरांकडे गेली. सगळं खरं लिहून देते, म्हणाली. सरांनी दार लावून घेतलं.

"कामगार खात्याची चौकशी यायची आहे, खरंय. ते एवढंच बघणार, की पोरगा शिकलेला होता की नाही. त्याचं सर्टिफिकेट खरं, तर रिसॉर्टनं भरपाई द्यायला हवी. तुम्ही लिहिलंत की हे सगळं खोटं, तर त्याच्या आईच्या हातात काय पडेल?"

"आणि मी लिहिलं नाही तर?"

"तर तुम्हाला झोप लागणार नाही," सर म्हणाले. "मलाही लागत नाही."

चौकशीला माणूस आला तेव्हा हर्षानं निखिलची वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं पानं उलटली, सह्या पाहिल्या, मान डोलावली. भरपाई मंजूर झाली. निखिलनं त्यानंतर तिचा फोन कधी उचलला नाही.

उरलेल्या एकोणीस मुलांना तिनं एकेक करून फोन केले. रविवारी वर्कशॉप उघडते, या, राहिलेलं शिकवते. सहा जण दुबई-मस्कतला गेले होते. काही जण हसले, "टीचर, आता आमीच शिकयतो." एकानं विचारलं, "सर्टिफिकेटाक काय प्रॉब्लेम नाय मा?" पहिल्या रविवारी चार आले, तिसऱ्या रविवारी एकटा साईश. तो काही शिकत नव्हता. तिला सोबत करायला आला होता. मग तिनंच ते बंद केलं.

आता नव्या तुकड्यांच्या वह्या ती स्वतःच्या कपाटात, कुलपात ठेवते. जे डोळ्यांसमोर झालं नाही त्याची तारीख पडत नाही. दोन वर्षांत तिनं नऊ मुलांना परीक्षेला बसू दिलं नाही. पालक येऊन भांडले, नव्या प्राचार्यांनी नोटीस दिली. ती हटली नाही.

यंदा त्यांत सेजल होती. तुकडीतली एकटी मुलगी, आणि हातानं सगळ्यांत चांगली. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायची, म्हणून तिची प्रात्यक्षिकं राहिली होती. मोटरची पाच, पॅनेलची चार.

"टीचर, माका येता सगळा. तुमी बघितलास."

"जे बघितलं तेवढं लिहिलंय. राहिलेली रविवारी येऊन कर. मी येते."

"रविवारीच आईचो नंबर असता."

"मग पुढच्या वर्षी."

सेजल रडली नाही. तिनं विनवणी करायला आणलेले इस्पितळाचे कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले, एकेक, घड्या जुळवून. दारात थांबून तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी आईचा काय, टीचर?"

हर्षानं वही बंद केली होती. तिचा हात वहीवरच होता.

सोमवारी हजेरी घेताना सेजलच्या नावाला उत्तर आलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, की ती मोप्याच्या विमानतळावर साफसफाईच्या कामाला लागली, सकाळच्या बसनं जाते. हर्षानं तिच्या नावापुढं फुली मारली आणि पुढचं नाव घेतलं.