कुयाबाच्या प्रयोगशाळेतला चंबू

मित्रांनो, मी एक जुना काचेचा चंबू. ब्राझीलमधल्या कुयाबा शहरातल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. मला वाटलं होतं, माझ्यात अत्तर भरतील. भरली ती बुरशी!

इथल्या मातीतली एक बुरशी श्वासाबरोबर छातीत शिरते आणि फुफ्फुसं पोखरते. खोकला अगदी क्षयासारखा. ती ओळखायचं द्रव्य लांबच्या शहरातून यायचं, तिकडच्या बुरशीपासून केलेलं. आमची बुरशी तिची सख्खी नव्हे, चुलत बहीण. त्यामुळे इकडच्या रोग्यांचं रक्त त्या द्रव्याला पुष्कळदा ओळखच देत नसे. असाच एक सुतार क्षयाची औषधं घेत दगावला. खरा आजार कळला तो मागाहून.

प्रयोगशाळेच्या प्रमुख झुल्मिराबाईंना ते फार लागलं. त्या सुताराच्या छातीतली बुरशी आणि त्याचं थोडं रक्त त्यांनी जपून ठेवलं होतं. तीच बुरशी माझ्यात वाढवायला घेतली. पहिल्या खेपेला मधेच भलतीच बुरशी चढली आणि सगळं टाकून द्यावं लागलं.

दवाखान्यातले डॉक्टर ओतासिलिओ दारातूनच हसले. "काय बाई, लोणचं मुरतंय का? बुरशी आली की लोक बरणी ओतून टाकतात, तुम्ही मुरवताय!"

"मुरलं की पहिली फोड तुम्हालाच वाढते," बाई म्हणाल्या आणि मला पुन्हा घासायला घेतलं.

त्याच सुमारास ट्रॅक्टर चालवणारा वाल्दिविनो भरती झाला. आवाज बसलेला, तोंडात फोड, अंगावर नुसती हाडं. लांबून आलेल्या द्रव्याने सांगितलं, बुरशी नाही.

त्याची बायको लाउरिंदा बाईंपाशी आली. "क्षयाच्या गोळ्या खाऊन खाऊन पार वाळला हो माझा माणूस. घरी नेऊ का आता?"

"नेऊ नका. थोडे दिवस द्या मला."

या खेपेला बुरशी निर्मळ वाढली. बाईंनी ती औषधाने मारली, रस गाळून दाट केला. मग जेलीच्या पातळ थरात छोटे खळगे पाडले. मधल्यात माझा रस. भोवतालच्या तिन्हींत रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पाणी, एकात स्वतःच्या रक्ताचं, एकात त्या सुताराच्या जपलेल्या रक्ताचं, एकात वाल्दिविनोच्या. रक्तात आजाराची खूण असेल, तर मधे पांढरी रेघ उमटणार होती.

जेली दिव्यासमोर धरली तेव्हा ओतासिलिओंनीही मान पुढे केली. बाईंच्या रक्तापुढे काही नव्हतं. सुताराच्या रक्तापुढे रेघ होती. वाल्दिविनोच्याही!

"आहे की हो!" ओतासिलिओ म्हणाले. "थुंकी पुन्हा तपासतो. आणि बाई, त्या लोणच्याचं मनावर घेऊ नका."

थुंकीतही बुरशी सापडली. औषध बदललं. काही महिन्यांनी वाल्दिविनो तळलेला मासा घेऊन आला आणि त्याची बडबड काही थांबेना.

"आजारी होता तेव्हा निदान गप्प तरी होता," लाउरिंदा म्हणाली आणि पदर नसलेल्या त्या बाईने बाहीने डोळे टिपले.

पुढे आसपासच्या दवाखान्यांतून आमच्या रसाला मागणी येऊ लागली. नवे चंबू आले. माझी कड फुटली, मी कपाटात गेलो. त्याचं दुःख नाही. बाईंच्या हातांत मी होतो, एवढं मला पुरे.

मित्रांनो, अशा खोल्या तुमच्याकडेही असतील. त्यांच्या दारावरून जाताना वास आला म्हणून नाक मुरडू नका. आत कुणीतरी तुमच्याच खोकल्याचं खरं नाव शोधत असेल.