बाहेरून गार

मी एक जुना थर्मास आहे. माझ्या पोटाला एक पोचा आहे आणि झाकणाचा रंग कधीच उडून गेला आहे. आता माझ्यात कोणी चहा भरत नाही. तरीही मी एका शाळेच्या वर्गात, खिडकीजवळच्या फळीवर उभा आहे. इथे कसा आलो, ते सांगतो.

मित्रांनो, कारखान्यात स्टीलच्या एका बाटलीत दुसरी बाटली बसवून मला घडवले. मग दोन्हींच्या मधली सगळी हवा ओढून घेतली आणि मला कायमचे बंद केले. म्हणजे माझ्या दोन भिंतींच्या मध्ये काहीच नव्हते. त्या काहीच नसण्यामुळेच आतली ऊब आत राहायची. आत कितीही वाफाळता चहा असो, बाहेरून मी गारच लागायचो. त्याचे मला सुख नव्हते आणि दुःखही नव्हते.

माझे पहिले मालक लांब पल्ल्याच्या बसचे चालक होते. सारी हयात त्यांनी मोठ्या शहराच्या फेऱ्या केल्या. पण बस शहराबाहेरच्या आगारात थांबायची आणि तिथूनच परत फिरायची. शहरातल्या नदीवरच्या मोठ्या पुलाचे दिवे त्यांनी लांबूनच पाहिले. त्यांची भाची शिक्षक होण्यासाठी त्याच शहरात निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या पिशवीत ठेवले. म्हणाले, "याच्यात चहा भर आणि सगळं शहर बघ. दर रविवारी मला फोनवर सांगायचं. एवढंच भाडं."

भाचीला एका शाळेत सरावाचे पाठ घ्यायचे होते. दर वर्षी शिकाऊ शिक्षिका यायच्या आणि जायच्या. मुलांनी त्या सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवले होते, छोट्या बाई. वर्गाच्या खऱ्या शिक्षिका त्या मोठ्या बाई. मुले इतकी सरावलेली होती, की प्रश्न पुरता होण्याआधीच हवे ते उत्तर देत. एकदा तर कोणीतरी मागून म्हणाले, "बाई, आता तुम्ही फळ्यावर धड्याचं नाव लिहिणार ना?" छोट्या बाईंच्या हातात खडू होताच.

सुरुवातीला सारे मजेत चालले. सकाळी शाळा, दुपारनंतर शहर. संग्रहालय, जुना बाजार, उंच इमारतीची गच्ची. बाकावर बसून त्या माझ्यातला चहा प्यायच्या आणि रविवारी मामांना इतके सांगायच्या, की मामाच म्हणायचे, "अगं, श्वास घे."

मग पाठांची तयारी वाढली. तक्ते, पाठ लिहून काढायची टाचणे, वह्या तपासणे. शहरही सोडवेना, कारण मामांना शब्द दिला होता. त्या शाळेतून निघत, चालत, पाहत, खोलीवर येऊन तक्ते रंगवत आणि पुन्हा शाळेत जात. त्यांना राग येत नव्हता, रडूही येत नव्हते. हळूहळू काहीच येईनासे झाले. शेवटी त्या मोठ्या पुलावर गेल्या, तेव्हा कठड्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. खालून बोटी गेल्या. त्यांनी झाकणात चहा ओतला आणि न पिताच नदीत टाकून दिला.

त्या रविवारी मामांनी विचारले, "पूल कसा होता?"

"लांब होता."

"लांबच असणार गं. आखूड असता तर उडी मारून गेले असते लोक."

त्या हसल्या नाहीत.

वर्गातही तसेच चालले होते. पाठ बिनचूक व्हायचा. एकदा मोठ्या बाई म्हणाल्या, "सगळं नीट झालं. फक्त तुम्ही वर्गात नव्हतात." छोट्या बाईंनी मान हलवली.

शेवटचा पाठ परीक्षक पाहणार होत्या. तो बिघडला, तर सारे सत्र पुन्हा करावे लागणार होते. विषय होता उष्णता, आणि त्यासाठी साहित्य होतो मी. एका पेल्यात आणि माझ्यात सारखेच गरम पाणी ओतायचे. मुलांनी हात लावून सांगायचे, पेला गरम, थर्मास गार. ही उत्तरे मुलांना आधीच पाठ झाली होती.

पण आदल्या दिवशी त्या पुन्हा पुलाकडे गेल्या होत्या आणि मी पायऱ्यांवर त्यांच्या हातून निसटलो होतो. पोचा आला, आणि आतली शिवण कुठेतरी उकलून माझ्या भिंतींमध्ये हवा शिरली. त्यांनी मला उचलून पुसले आणि पिशवीत टाकले. आत काय झाले ते त्यांना कळले नाही.

परीक्षक मागच्या बाकावर बसल्या. पाणी ओतून झाले. "थर्मास कसा लागतो?" असे विचारताच अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "गार!" हात कोणीच लावला नव्हता. पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने तेवढा लावला.

"बाई, हा गरम आहे."

शेजारणीने तिला कोपराने ढोसले. दोघी-तिघींनी बाईंना सांभाळून घ्यायला पुन्हा "गार, गार" म्हटले. परीक्षकांनी मान वर केली. टाचणात पुढचे वाक्य तयार होते, ते म्हणून टाकले असते तर पाठ निभावला असता. छोट्या बाईंनी मला दोन्ही हातांत धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझी ऊब त्यांच्या तळहातांना लागत होती.

"खरंच गरम आहे," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. असं का झालं असेल? मला माहीत नाही. तुम्हीच बघा."

मी बाकाबाकांवरून फिरलो. कोणी वास घेतला, कोणी कानाशी धरले. कोणी म्हणाले झाकण सैल आहे, तर कोणाला पोचा दिसला. घंटा झाली तेव्हा चष्मेवाली म्हणत होती, की मधे हवा घुसली असणार. टाचणातला अर्धा पाठ तसाच राहिला. परीक्षकांनी जाताना मला स्वतः हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "टाचण मोडलंत. बरं केलंत." छोट्या बाई उत्तीर्ण झाल्या.

संध्याकाळी त्यांनी मामांना सांगितले, थर्मास पडून बिघडला. मामांनी आधी विचारले, "तुला लागलं का?" मग त्या म्हणाल्या, "मामा, त्या पुलावर मला काहीच वाटलं नाही. कुठेच वाटत नाही हल्ली."

"मग इतके दिवस कशाला हिंडलीस, वेडे? मी येतो. पूल मी बघेन, तू नुसती शेजारी बस."

मामा आले. पुलावर त्या मामांच्या खांद्याला टेकून झोपून गेल्या, असे ऐकले. मी तिथे नव्हतो. मला त्यांनी वर्गाला देऊन टाकले होते. थंडीच्या सकाळी मुले माझ्यात गरम पाणी भरतात आणि लिहिण्याआधी हात शेकतात.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात, वर्गात कोणी हल्ली फार गप्प, फार बिनचूक वागत असेल, तर त्याच्याजवळ जा. हात लावल्याशिवाय कोणाला गार म्हणू नका.