ठेका सोडलेला कीबोर्ड

मित्रांनो, एक बटण दाबताच हजार माणसांनी टाळ्यांचा ताल धरलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. कारण ते बटण माझ्याच अंगावर आहे! मी कीबोर्ड. वय वीस वर्षं. राहणार नाशिक, द्वारका चौकाच्या मागची एक कॉलनी.

मला इथे नवनाथने आणलं. तेव्हा तो एका गायन पार्टीत होता. भीमजयंती आली की आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. आज ही कॉलनी, उद्या ते गाव! नवनाथने बटण दाबलं की माझ्या पोटातून ढोलकीचा ठेका सुटायचा आणि अख्खा मांडव डोलायचा. मी असा फुगायचो म्हणून सांगू! ठेका म्हणजेच मी, असं मला वाटायचं.

मग नवनाथला कारकुनाची नोकरी लागली, पार्टी पांगली आणि मी चादरीत गुंडाळून कपाटावर गेलो. नऊ वर्षं! माझ्यावर सुटकेस ठेवल्या, गाद्या ठेवल्या. मी हूं की चूं केलं नाही.

या सप्टेंबरात मला खाली उतरवलं ते नवनाथच्या मुलीने, संजनाने. ती नववीत आहे. तिने प्लग लावला, एक पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. मी वाट बघतोय, आता बटण दाबेल, मग दाबेल. छे!

नवनाथ दारात येऊन ऐकत उभा राहिला. "बेटा, हे सुरू कधी होणार?"

"सुरू आहे की, पप्पा! अँबियंट आहे हे. गाण्यासारखं पुढे पळत नाही, खोलीतल्या हवेसारखं आपल्याभोवती राहतं. मी अख्खा अल्बम करतेय, द्राक्षबागेच्या एका वर्षावर. सात तुकडे!"

"आणि ठेका?"

"ठेका नाहीच."

"मग आपला फ्रिजही अल्बम काढू शकतो."

खरं सांगतो, मी नवनाथच्या बाजूने होतो.

पण माझा जीव टांगणीला लागला होता, तो वेगळ्याच कारणाने. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या स्टुडिओने शाळेतल्या मुलांकडून अल्बमचे आराखडे मागवले होते. ज्याची निवड होईल त्याला दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस स्टुडिओ मोकळा. इकडे नवनाथने पार्टीतल्या मित्राला, गोरक्षला, शब्द देऊन ठेवला होता. गोरक्षचा कीबोर्ड माझ्याच बनावटीचा, तो बिघडलेला. मला उघडायचं आणि माझे सुटे भाग त्याला लावायचे! "निवड झाली तर राहू दे," नवनाथ म्हणाला, "नाहीतर सोमवारी गोरक्षकाका घेऊन जाईल."

संजनाने एका मोठ्या कागदावर सात चौकोन आखले. पहिला जानेवारीचा, त्यात द्राक्षांची तोडणी. शेवटचा ऑक्टोबरचा, त्यात छाटणीची कात्री. त्याखाली लिहिलं, 'शेवट', आणि माझ्याकडून तीन उदास सूर काढून घेतले.

आता खऱ्या कात्रीचा आवाज हवा होता. म्हणून निवडीच्या आदल्या दिवशी माझ्यात सेल भरून, मला मांडीवर घेऊन ती एसटीने दिंडोरीला निघाली. कंडक्टर म्हणाला, "याचं हाफ तिकीट काढू का?" सगळी बस हसली. संजनाही हसली. एरवीची लाजरी संजना असती तर खिडकीबाहेर तोंड करून बसली असती.

तिची आत्या, अंबूबाई, द्राक्षबागेत कामाला जाते. वेलींखाली आठ-दहा बायका छाटणी करत होत्या. कच्, कच्... कच्. संजनाने तो आवाज मोबाईलवर घेतला, आठपट सावकाश केला आणि त्याखाली माझे सूर लावले. माझा प्रत्येक सूर इतका लांब चालला होता की मलाच दम लागला. आत्याने कानात इअरफोन घातले.

"लय भारी गं संजे! पन रडकं का केलंस? कोन गेलं?"

"शेवट आहे ना आत्या. सगळी बाग कापून टाकतात."

बायका इतक्या हसल्या की कात्र्या थांबल्या. "शेवट?" आत्या म्हणाली. "अगं, कात्री लागल्याबिगर डोळा फुटत नाय. आठ-धा दिसांनी ये, काडीकाडीला हिरवं दिसंल. आमचं साल हितनंच सुरू व्हतं."

"पण मी जानेवारीपासून आखलंय..."

"मग पूस की! बाग काय कॅलेंडर बघून वाढती व्हय?"

संजना लाल झाली. मग तिथेच बांधावर बसून तिने सातही चौकोन खोडले. कात्री पहिली! तोडणी शेवटी, आणि तिचा सूर मध्येच सोडलेला, पुन्हा कात्रीत विरघळणारा. माझे तीन सूर तेच राहिले, फक्त आता ते वर चढत गेले. कात्र्या आपापल्या चालीने वाजत होत्या, दोन एकत्र कधीच नाहीत, आणि मी त्या सगळ्यांना पुरेल एवढं अंथरूण घातलं होतं. मित्रांनो, हजार माणसांपुढेही मी एवढा मोठा झालो नव्हतो.

रविवारी स्टुडिओतल्या मनीषा मॅडमनी कागद उलटून पाहिला. "सगळ्यांच्या अल्बमला शेवट आहे. तुझ्या का नाही?"

"मॅडम, बागेलाच नाही, तर अल्बमला कुठून आणू?"

तिने कात्रीचा तुकडा ऐकवला. चार मिनिटं कुणी खुर्चीही सरकवली नाही. आणि संजनाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मागच्या रांगेतून अशी कडक शिट्टी आली की मॅडमनी कानांवर हात ठेवले. नवनाथची होती!

सोमवारी गोरक्ष स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. "कुठंय कापायचा बोकड?"

"बोकड स्टुडिओत चाललाय," नवनाथ म्हणाला. "आधी हे ऐक."

गोरक्षने ऐकलं. चहावर साय धरली तरी ऐकतच होता. मग त्याने मला उघडलंच, पण ब्रशने नऊ वर्षांची धूळ काढली आणि एकेक स्क्रू जागच्या जागी बसवला. "माझ्यासाठी बघू दुसरं काहीतरी," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर कुणीतरी चादरीत असेल. त्याला उतरवा, पुसा, वायर तपासा. आणि पूर्वी तो जे करायचा तेवढंच त्याच्याकडून मागू नका.

आता मी गप्प बसतो. संजनाने पट्टीवर बोट ठेवलंय, आणि हा सूर मला चार मिनिटं धरायचाय.