बोथट पिन

नाटक मंडळीच्या सामानखोलीत परवाना खात्याच्या तपासनीसाने बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. सामानवालीने मंडळीकडचा कागद पुढे केला. कागदावर ‘निकामी, फक्त रंगमंचासाठी’ असं ठळक लिहिलेलं होतं, पण कागदावर काय, काहीही लिहिता येतं.

“बाई, जुनी लष्करी बंदूक कवायतीला दिली की नळीला मागच्या अंगाला आरपार भोक पाडतात. इथे ते नाही. बोल्टवरचा आकडाही नळीवरच्या आकड्याशी जुळतोय. म्हणजे काही बदललेलंच दिसत नाही. ही खरी आहे.”

सामानवाली मटकन खाली बसली. अकरा वर्षं प्रत्येक प्रयोगाला तिनेच ही बंदूक पुसून खलनायकाच्या हातात दिली होती. आणि खलनायक ती रोखायचा कुणावर, तर नायकावर. म्हणजे तिच्या नवऱ्यावर. गोळीचा आवाज पडद्यामागून यायचा हे खरं, पण कुणी गंमत म्हणून एखादं काडतूस आत सरकवलं असतं तर? नवरा शेजारीच उभा होता. एरवी त्याच्या तोंडाला खळ नसते, आज मात्र तो सदऱ्याची गुंडी चाळवत होता.

तपासनीसाने बोल्ट बाहेर काढला आणि त्याचं तोंड नखाने खरवडलं. “थांबा. काडतुसावर आपटणारी पिन बाहेर यायला इथे भोक असतं. ते बुजवून वर काळा रंग फासलाय.” मग त्याने आतली पिन काढली. तिचं टोक घासून सपाट केलं होतं, तेही तिरकं. “हे कारखान्याचं काम नाही, कुणीतरी घरगुती केलंय. पण चोख केलंय. हिच्यातून गोळी सुटणं शक्य नाही.”

सामानवालीला रडूच फुटलं. “सुटले बाई! पण केलं कुणी?”

“मी,” नवरा खाली बघत म्हणाला. “लग्नानंतर आपलं पहिलं भांडण झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. वेल्डिंगवाल्याकडून.”

“मी मघापासून इथे मरतेय, आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तुला कळलं असतं.”

“माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा?”

“तुझ्यावर होता गं. तुझ्या रागावर नव्हता.”

तपासनीस उगाच खोकला. सामानवालीने डोळे पुसले आणि परक्या माणसासमोरच नवऱ्याचा हात घट्ट धरला.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “त्या आठवड्यात माझा मलाच भरवसा नव्हता.”