स्तामेनचं पुलावरचं मरण

माझ्या नवऱ्याला गेल्या सप्टेंबरात सिनेमात मरायचं काम मिळालं. बोलायचं एक अक्षर नाही. सुरुवातीलाच पुलावर गोळी खाऊन आडवं व्हायचं आणि मग बाकीच्यांनी सिनेमाभर मारेकऱ्यांमागे धावायचं. दिग्दर्शक यावोर हा राजधानीतून, सोफियाहून आलेला, डोक्यावर बुचडा बांधणारा पोरगा. आमदार मेतोदींच्या भूमिकेसाठी त्याने गावातल्या सगळ्या मिशा तपासल्या आणि स्तामेनची पसंत केली. मिशीच्या मागोमाग नवराही गेला.

आमदार मेतोदी खरोखरीचे. शंभर वर्षांपूर्वी सोफियात सरकार उलथलं, शेतकरी पक्षाच्या माणसांना वेचून मारायला लागले, तेव्हा ते आमच्या पुलावर पडले. चौकात त्यांचा पुतळा आहे आणि खाली कोरलंय, ‘जनतेकडे जाताना अमर झाले’. गाव असं सांगतं, की त्या संध्याकाळी पलीकडच्या काठावरून खानावळवाल्या लाझारने खिडकीत दिवा हलवला आणि मारेकऱ्यांना खूण केली. हा लाझार म्हणजे स्तामेनचा आजा. तेव्हापासून आमच्या घराला ‘दिवेवाले’ म्हणतात. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, तर पावाच्या रांगेत एका बाईने मला विचारलं, “काय गं, आज कोणाला दाखवलास दिवा?” मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मेली, तरी अजून बोलत नाही.

लाझार मरेपर्यंत घरात एकच सांगत राहिला, की मी आमदारांना ‘मागे फिरा’ म्हणत होतो. पण ज्याच्यावर आळ त्याचंच कोण ऐकणार? आता तर तो दिवा पडद्यावर जाणार, म्हणजे आमच्या नातवंडांनाही तो चिकटणार. म्हणून स्तामेनने मरायला होकार दिला. दिग्दर्शकाच्या जवळ राहता येईल, एवढाच त्याचा डाव होता.

“बाळा, तो दिवा सावध करायला होता,” तो यावोरला म्हणाला.

“काका, पोस्टरवरच दिवा छापलाय. दिवा आणि मोटरबोट.”

“कसली मोटरबोट? आमच्या नदीत बदकांचे पाय टेकतात.”

“ते कॅमेऱ्यात कळत नाही. तुम्ही साक्षीदार आणा, मी दिव्याचं बघतो.”

आता साक्षीदार कुठून आणायचा? आमदारांच्या घरातलं एकच माणूस उरलेलं, त्यांची नात इग्लिकाकाकू. वय ऐंशीच्या पुढे, जीभ मात्र विशीतली. दरवर्षी पुतळ्याला पहिला हार तिचा. स्तामेनची निवड झाल्याचं कळल्यावर ती चौकात उभी राहून म्हणाली होती, “आजोबांच्या जागी दिवेवाल्यांचा स्तामेन? मग मारेकरी मला करा. गोळी मीच घालते.”

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी रंगभूषेच्या मुलीने स्तामेनला पांढराफटक रंगवला, काळा सूट चढवला आणि बजावलं, की दुपारपर्यंत हसायचं नाही, चेहऱ्याला हात लावायचा नाही, सूट चुरगळायचा नाही. मग हा पुढच्या खोलीतल्या कोचावर सरळ आडवा झाला, हात छातीवर घेतले आणि झोपून गेला. मी मागच्या अंगणात हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजत बसले.

तिकडे सिनेमावाल्यांनी आमदारांच्या अंत्ययात्रेसाठी निधनाची पत्रकं छापून चौकभर लावली होती. पावाच्या दुकानावर, बसथांब्यावर, विजेच्या खांबांवर, जिथे आम्ही नेहमी लावतो तिथेच. वर नाव आमदारांचं, जुन्या वळणाच्या अक्षरात, आणि खाली फोटो स्तामेनचा. सकाळी पाव आणायला निघालेलं माणूस चष्मा कुठे घेतं? आमच्याकडे पत्रकावरचा चेहरा बघायचा आणि मेलेल्याच्या नावाने गहू उकडायला टाकायचे, हीच पद्धत.

शेजारीण गिना फाटकातून आली ती साखर-अक्रोड घातलेल्या गव्हाचं भांडं घेऊनच.

“झद्राव्के, अगं मला हाक तरी मारायचीस.”

“कशाला? मिरच्या काय, एकटीने होतात भाजून.”

गिना रडायला लागली. “धक्का बसलाय गं तुला. नवरा आत पडलाय आणि ही मिरच्या भाजते.”

“पडू दे की. उठला तर सूट चुरगळेल.”

तिने गव्हाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि मला मिठी मारली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडणार, तोच इग्लिकाकाकू काठी टेकत पुढच्या दाराने सरळ आत गेलेली दिसली. हातात दोन कार्नेशनची फुलं. दोन म्हणजे मेलेल्या माणसासाठीच, जिवंताला एक नाहीतर तीन देतात. मी भांडं घेऊन तिच्यामागे धावले आणि दारातच थबकले, कारण ती बोलायला लागली होती.

“स्तामेन, तू जिवंत होतास तोवर जमलं नाही. तुझ्या आजाने खूण मारेकऱ्यांना केली नव्हती. आजोबांना केली होती. माझी आई तेव्हा फाटकात उभी होती, त्यांचा हात धरून. ती म्हणाली, ‘बाबा, लाझारकाका दिवा हलवतायत.’ आजोबा म्हणाले, ‘हो, मागे फिर म्हणतोय. घाबरट आहे लाझार. आणि आज त्याच्याकडे वजडीचं सूप आहे, उशीर केला की तळाची लसूण उरते.’ आणि गेले.”

तिने नाक पुसलं. “जनतेकडे जाताना म्हणे. सूप प्यायला जाताना मेले ते. मी हे कसं सांगणार होते? पुतळा आहे त्यांचा.”

स्तामेनची मिशी थरथरत होती. मला वाटलं, आता हा शहाणपणाने पडून राहील. पण शहाणपण आणि आमचा स्तामेन यांची कधी भेट झालेली नाही. तो ताडकन उठून बसला. “काकू, हे जरा यावोरला सांगता का?”

इग्लिकाकाकू किंचाळली नाही. तिने आधी दोन्ही कार्नेशन त्याच्या तोंडावर हाणली, मग काठी उचलली.

“मेल्या, तुला तासभर नीट मरूनही पडता येत नाही?”

“काकू, तुम्ही आत्ताच म्हणालात...”

“मी काही म्हणाले नाही. म्हणाले असेन, तर ते मेलेल्या माणसाला. जिवंत दिवेवाल्यांशी मी बोलत नाही.” आणि ती निघून गेली. गिनाने मात्र गव्हाचं भांडं परत नेलं नाही. उकडलेत तर खा म्हणाली.

दुपारी स्तामेनला पुन्हा रंगवलं. पुलावर तो इतका पडलेल्या चेहऱ्याने आडवा झाला, की यावोर खूश झाला. मला मात्र रडू येत होतं. साक्षीदार घरापर्यंत चालत आला होता आणि माझ्या बावळट नवऱ्याने तो उठून घालवला होता.

शोक करायला सगळं गाव उभं केलं होतं. आमदारांची नात म्हणून इग्लिकाकाकू पुढे. यावोर ओरडला, “रडा.” बायका रडल्या. काकू रडली नाही. ती रांग सोडून स्तामेनजवळ गेली आणि काठीने त्याला ढोसलं.

“आता तरी नीट मेलायस ना?”

स्तामेन हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शहाणपण सुचलं.

“बरं. सकाळी ते तोंडातून निघालं, आता आत जाईना.” आणि तिने सगळं सांगितलं, गावासमोर, कॅमेऱ्यासमोर. फाटक, दिवा, लाझार, घाबरट, लसूण, सूप. एकदा तर चौकातल्या पुतळ्याच्या दिशेने हात करून म्हणाली, “भुकेने गेले हो, भुकेने.” पहिल्यांदा कोणीतरी फसकन हसलं. मग हसणं थांबलं. बेकरीवाल्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि वळून पाहिलं ते माझ्याकडे.

“लाझार भला माणूस होता,” काकू म्हणाली. “आम्ही त्याच्या घराला शंभर वर्षं शिव्या घातल्या, आणि मला ठाऊक होतं.”

स्तामेनच्या पांढऱ्या गालांवरून दोन ओघळ मिशीत उतरले.

“कट,” यावोर वैतागून ओरडला. “प्रेत रडतंय.”

इग्लिकाकाकूने रुमाल काढला, वाकून त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “गप पड रे. माझं अजून संपलं नाही.”