नशिबाची फट

मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी मधला, उजवीकडचा. म्हणजे दारातच उभा असणारा! माणूस हसलं की आधी मी दिसायचो. सध्या मात्र कुंकवाच्या एका रिकाम्या डबीत पडून आहे. मित्रांनो, दाताची जागा डबीत नसते. मी इथे कसा आलो ते सांगतो. ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रहिमतपूरजवळच्या एका खेड्यात हरणाबाईच्या तोंडात मी उगवलो. तिचा दुधाचा दात तिच्या आईने शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकला आणि त्या जागी मी आलो. जन्मभरासाठी आलो, असं मला वाटत होतं. काम तरी किती केलं! उसाचं कांडं सोलायचं ते मी. हरणाबाई गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. कात्री मांडीशी पडलेली असायची, पण दोरा तोडायला मीच लागायचो. कट्!

नवरा लवकर गेला. मग ती आणि तिचा मुलगा जयराज, एवढंच घर. जयराज फौजेत भरती होऊन निघाला तेव्हा एसटी स्टँडवर तिचे डोळे भरून आले. त्याने मोबाईल काढला.

"आये, रडू नगं. हास. मला तुजं हसणं संगं न्यायचंय."

ती खुदकन हसली. त्या फोटोत मधोमध मी होतो. खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो होतो. तो फोटो घेऊन पोरगं पार सरहद्दीपर्यंत गेलं.

पण मित्रांनो, सकाळी उठलं की हरणाबाई मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड. त्या पुडीने हिरड्या बधिर व्हायच्या. आत काय बिघडतंय याचा पत्ताच लागायचा नाही. आमच्या मुळाशी कीटण साचून दगडासारखं घट्ट झालं. त्याखाली हिरडी सुजली आणि ज्या हाडात आम्ही रोवलेले असतो, ते हाड झिजू लागलं. खांबाभोवतीची माती वाहून गेली की खांब कलणारच. त्यातच खालची एक दाढ किडली. ती काढली आणि जागा तशीच रिकामी ठेवली. शेजारचे दात त्या जागेकडे झुकले, वरची दाढ खाली उतरली आणि चावण्याचा भार आम्हा पुढच्यांवर आला. आधीच आमचे पाय डळमळत होते.

एक दिवस माझ्यात आणि डावीकडच्या भावात फट पडली. हरणाबाईची जाऊ सुलाबाई टाळी वाजवून म्हणाली, "आगं बया! फट पडली की तुज्या दातात. नशीबवान माणसालाच आसती!"

आणि झालं! त्याच महिन्यात जयराजला बढती मिळाली. मग काय, हरणाबाई आरशात बघून त्या फटीवर खूश. मी आत ओरडत होतो, अगं, जन्मापासूनची फट वेगळी! चाळिशी उलटल्यावर नवी फट पडते ती पाया हलला म्हणून. पण दाताचं कोण ऐकतं?

पुढे गावच्या शाळेत सगळ्या गावकऱ्यांच्या दातांची तपासणी झाली. साताऱ्याहून डॉक्टर संयोगिता आल्या होत्या. त्यांनी मला बोटाने हलवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, हिरड्यांचा आजार आहे. लगेच साताऱ्याला या. साफ करून घेतलेत, मिश्री सोडलीत, तर हे दात टिकतील."

मला केवढा आनंद झाला! तो घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

"खुळी का काय तू!" वाटेत सुलाबाई म्हणाली. "साफ क्येलं की दात ढिलं व्हत्यात. कीटणानंच तर धरल्यात त्यास्नी."

"व्हय की," हरणाबाई म्हणाली. "आन दुखत तर न्हाई."

दुखत तर न्हाई! याच बोलण्याने माझा घात केला.

त्यानंतर मी लांब दिसू लागलो, पुढे आलो. ओठ मिटेना, दोरा तुटेना. जयराजचा व्हिडिओ कॉल आला की हरणाबाई पदर तोंडावर घ्यायची.

"आये, रुसलीस व्हय माज्यावर?"

"न्हाई रं. वारं लय सुटलंय."

तो रजेवर आला. जेवताना भाकरीचा तुकडा तोडता तोडता मी वाकलो आणि रक्त आलं. जयराजने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन साताऱ्याला गेला. डॉक्टर संयोगितांनी एक्स-रे बराच वेळ पाहिला.

"आता साफ करा बाई," हरणाबाई काकुळतीने म्हणाली. "ढिलं झालं तर हूं द्या."

"मावशी, दाताला कीटण धरत नाही, हाड धरतं. तेच उरलं नाही, आणि गेलेलं हाड पहिल्यासारखं भरून येत नाही. पुढचे चार काढावे लागतील. मागचे वाचवायचा प्रयत्न करू."

"आन ह्यो मधला?" जयराजने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो तरी ऱ्हाऊ द्या की, डॉक्टर."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मला काढायला जोर लागलाच नाही. एवढा उसाचा गडी मी, चिमटा लागताच हातात आलो. लाज वाटली माझी मला. हरणाबाईने मला मागून घेतलं आणि रुमालाच्या गाठीत बांधलं.

कवळी बसायची होती, पण आधी जखमा भरायला हव्या होत्या. रजा त्याआधीच संपली. स्टँडवर जयराजने पुन्हा मोबाईल काढला.

"आये, हास की."

तिने पदर तोंडावर ओढला आणि नुसती मान डोलावली. तो वाट पाहत थांबला आणि मग मोबाईल खिशात टाकून गाडीत चढला. मी तिच्या पिशवीत होतो. तिथून काय करणार? घरी आल्यावर तिने मला नवरा गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या कुंकवाच्या डबीत ठेवलं.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला तोंडभर हसायला सांगा आणि नीट बघा. नवी फट दिसली, हिरडीतून रक्त येत असलं, दात लांब वाटला किंवा हलत असला, तर त्याला नशीब म्हणू नका आणि दुखायची वाट बघू नका. "दुखत तर न्हाई," असं ती म्हणेलच. तरी तिचा हात धरा आणि तिला एसटीत बसवा.